मधुचंद्राचे थांबे

जानेवारी १७७३ मधल्या एका रात्री मुंबईत माझगावच्या ‘बेल्व्हेडेअर हाऊस’मधून एलायझा ड्रेपर नाहीशी झाली. ईस्ट इंडिया कंपनीतल्या बड्या अधिकाऱ्याची ही बायको. इंग्रज कादंबरीकार लॉरेन्स स्टर्न याने जिच्यासाठी रोजनिशी लिहिली, ती हीच. कमोडोर जॉन क्लार्कच्या साथीने ती समुद्रमार्गे पळाली. ती खिडकीतून दोराने खाली उतरल्याची कथा मुंबईतल्या इंग्रजांनी पुढे कितीतरी वर्षं चघळली. तिचा पुढचा मुक्काम आंध्र किनाऱ्याकडे मामाच्या घरी पडला आणि त्यानंतर तिने इंग्लंड गाठलं. याला मधुचंद्र म्हणणं धाडसाचं होईल. पण माझगावातून जोडीने निघायचं आणि टप्प्याटप्प्याने दूरदेशी पोचायचं, ही वाट निदान तेव्हापासून कागदोपत्री आहे.

पुढच्याच वर्षी, १७७४ मध्ये, इथे एक छोटी सुकी गोदी झाली. तिचीच वाढत वाढत माझगाव डॉक झाली. १९३४ साली तिची कंपनी म्हणून नोंदणी झाली, पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या जहाज कंपन्यांकडे तिची मालकी राहिली आणि १९६० मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली. ब्रिटिश इंडियाच्या ‘कारंजा’ आणि ‘कंपाला’ या बोटी मुंबईहून सेशेल्स, मोम्बासा, दार-ए-सलाम, बेइरा अशी बंदरं घेत दर्बानला जात. युरोपच्या बोटी बॅलार्ड पिअरवरून सुटत आणि एडन, सुएझ, पोर्ट सैद करत मार्सेयला लागत. घाईचे प्रवासी तिथेच उतरून रेल्वेने कॅलेकडे निघत आणि जिब्राल्टरचा समुद्री वळसा वाचवत.

एकाच प्रवासात अनेक थांबे ही कल्पना या बंदराला नवी नाही. तिची किंमतही इथे जुन्या काळापासून ठाऊक आहे. एक बंदर वाढलं की दिवस वाढतात, खर्च वाढतो आणि पुढची जोड चुकण्याचा धोकाही वाढतो. विमानाच्या तिकिटावर हा हिशेब दिसत नाही. फोनच्या नकाशावर पॅरिस, इंटरलाकेन, व्हेनिस, रोम ही गावं बोटाच्या पेरापेरावर मावतात आणि नवरा-नवरी दहा दिवसांत सहा शहरं घालून मोकळी होतात. अशी सहल तरते ती दोन ठिकाणांमधल्या सांध्यांवर: कोणत्या देशाचा व्हिसा कुठून घ्यायचा, कोणतं शहर आधी, कुठे रेल्वे आणि कुठे विमान, कोणत्या महिन्यात कुठे पाऊस. प्रेक्षणीय स्थळांची यादी त्यानंतरची.

दिवसांचं गणित

मांडवातून थेट विमानतळावर, हे मराठी घरांत क्वचितच जमतं. सत्यनारायण असतो, मांडवपरतणी असते, जेजुरी, तुळजापूर किंवा कोल्हापूरला कुलदैवताचं दर्शन असतं; गोव्याकडच्या घरांना मंगेशी नाही तर शांतादुर्गेला जायचं असतं. दोन आठवड्यांच्या रजेतले तीन-चार दिवस यातच संपतात. उरतात नऊ-दहा रात्री.

या रात्री वाटून घेताना गाव बदलण्याची किंमत आधी वजा करावी लागते. बॅगा भरणं, हॉटेल सोडणं, स्टेशन गाठणं, नव्या हॉटेलात खोली मिळेपर्यंत ताटकळणं, यात रेल्वेचा प्रवास असेल तर अर्धा दिवस जातो आणि विमानाचा असेल तर जवळजवळ पूर्ण. पाच गावं म्हणजे चार बदल, म्हणजे दोन ते चार दिवस नुसते सामान ओढण्यात. म्हणून दहा रात्रींना तीन मुक्काम पुरे होतात. त्यातला पहिला सोपा ठेवावा, कारण लग्नाचा शीण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगावर येतो. सगळ्यात दगदगीचा मुक्काम मध्ये घ्यावा आणि शेवटचा असा निवडावा की एखादा दिवस काही न पाहता गेला तरी हळहळ वाटू नये.

सहल कंपनीबरोबर जायचं की स्वतः आखायचं, हेही याच गणितावर ठरतं. केसरी पाटील यांनी १९८४ साली केसरी टूर्स सुरू केली, २०१३ मध्ये वीणा पाटील यांची वीणा वर्ल्ड आली. मराठी माणसाला परदेशात वरणभात आणि मराठी बोलणारा टूर मॅनेजर मिळण्याची सवय अशा कंपन्यांनी लावली. त्याआधी १८८१ पासून मुंबईत थॉमस कुकचं कार्यालय होतं; खुद्द कुकने १८७२-७३ मध्ये २२२ दिवसांची पहिली जगप्रदक्षिणा सहल नेली, तीत मुंबईचाही थांबा होता. सांधे जुळवण्याची डोकेदुखी कंपनी घेते, त्या बदल्यात सकाळी उठायची वेळही तीच ठरवते. हनिमूनच्या जोडप्याला हा व्यवहार परवडतो का, ते ज्याने त्याने पाहावं.

नाव, मेंदी आणि कागद

ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची रीत अजून अनेक घरांत आहे. विमान कंपनीला त्या ताटाशी कर्तव्य नसतं. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे आणि लग्नाच्या आठवड्यात पासपोर्ट बहुधा माहेरच्या नावाचाच असतो. तिकीट, व्हिसा, हॉटेल, विमा सगळं त्याच नावाने काढावं. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलण्याची सक्ती नाही. एप्रिल २०१७ मध्ये मुंबईतल्या इंडियन मर्चंट्स चेंबरच्या महिला शाखेसमोर दूरसंवादाने बोलताना पंतप्रधानांनीही हे जाहीर केलं होतं. ज्यांना बदलायचंच आहे त्यांनी ते काम परत आल्यावर करावं. जुन्या नावावर व्हिसा आणि नव्या नावावर पासपोर्ट, हा घोळ निस्तरायला रजा पुरत नाही.

लग्नाची नोंद महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली होते आणि मुंबईत ते काम महापालिकेच्या विभाग कार्यालयांत चालतं. माझगाव ‘ई’ विभागात येतं, त्याचं कार्यालय भायखळ्याला. दाखला हातात यायला वेळ लागू शकतो. त्यामुळे बरीच जोडपी व्हिसाचा अर्ज लग्नाआधीच, दोन स्वतंत्र अर्जदार म्हणून करतात. तेव्हा अर्जात वैवाहिक स्थिती जी असेल तीच लिहायची. प्रवासाचं कारण कळावं म्हणून सोबत लग्नपत्रिका जोडणारेही पुष्कळ आहेत.

लग्नाआधी अर्ज करण्याचा आणखी एक फायदा मेंदीचा आहे. व्हिसा केंद्रावर बोटांचे ठसे घेतात आणि ब्रिटनच्या सूचनांत तर बोटांची टोकं मेंदीविना असावीत असं स्पष्ट म्हटलेलं आहे. शेंगेन देशांसाठी दिलेले ठसे ५९ महिन्यांपर्यंत पुन्हा वापरता येतात, तेव्हा मेंदीच्या आधी एकदा जाऊन आलं की काम भागलं.

मुहूर्त आणि मोसम

मराठी लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते. कार्तिक-मार्गशीर्षात एक लाट येते, पौष पुष्कळ घरं टाळतात, मग माघ-फाल्गुन आणि पुढे वैशाख-ज्येष्ठात दुसरी लाट. जगाचं हवामान मात्र पंचांग पाहून चालत नाही, तेव्हा मुहूर्त धरला की त्या महिन्यात कुठली दारं उघडी आहेत ते पाहावं लागतं.

नोव्हेंबर-डिसेंबरच्या लग्नाला मालदीवचा कोरडा मोसम तोंडावर असतो आणि थायलंडचा अंदमान समुद्राकडचा किनाराही उघडलेला असतो. बालीत मात्र याच सुमारास पाऊस सुरू होतो. युरोपात डिसेंबरात दिवस अगदी लहान. पॅरिसमध्ये पाचच्या सुमारास अंधारतं. नाताळची रोषणाई पाहायची असेल तर ते चालेल, पण तळ्याकाठी लांबलचक संध्याकाळ घालवायची असेल तर नाही. मे महिन्याच्या लग्नाला युरोप उत्तम साधतो: उजेड रात्री नऊपर्यंत, दऱ्या हिरव्या, डोंगरमाथ्यावर बर्फ. आल्प्समधल्या उंच घाटवाटा मात्र तेव्हा बहुधा बंदच असतात, त्यामुळे गाडी भाड्याने घेऊन घाट ओलांडायचा बेत जून-जुलैसाठी ठेवावा. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात जपानला जाणाऱ्यांना तिथल्या ‘गोल्डन वीक’ची गर्दी भोवते. त्या सुट्यांत अख्खा जपान प्रवासाला निघालेला असतो.

पु. ल. देशपांडे यांचं पश्चिमेकडच्या प्रवासाचं ‘अपूर्वाई’ १९६० साली आलं, पूर्वेचं ‘पूर्वरंग’ १९६३ साली. दोन्ही प्रवासांत पत्नी सुनीताबाई सोबत होत्या. आजची जोडपीही याच दोन दिशांमध्ये घुटमळतात. तेव्हा दोन्हींचा एकेक नमुना मार्ग घेऊन पाहिला तर सांधे कुठे दुखतात ते कळतं.

पूर्वेची वाट

हनोई दोन रात्री, हा लाँगच्या बोटीवर एक, होई आन तीन, सिएम रीप तीन. एकूण नऊ रात्री आणि दोन देश.

मुंबईहून हनोईला थेट विमानं आहेत. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो आणि ९० दिवसांपर्यंतचा असतो. एकदाच प्रवेशाचा २५ डॉलरला, अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलरला. इथेच पहिला सांधा आहे. कंबोडिया पाहून परतीच्या मुंबई विमानासाठी पुन्हा हनोईत यायचं असेल, तर तो व्हिएतनाममधला दुसरा प्रवेश ठरू शकतो आणि २५ डॉलरचा व्हिसा पुरत नाही. परतीचं तिकीट सिएम रीपहून बँकॉक किंवा दुसऱ्या शहरामार्गे काढलं तर तो प्रश्न उरत नाही. व्हिसाचा अर्ज भरायच्या आधी परतीची वाट ठरलेली असावी, ती यासाठी.

हनोईत होआन किएम तळ्याभोवती फिरणं आणि जुन्या पेठेतल्या एकेका धंद्याच्या गल्ल्या पाहणं एवढं पहिल्या दिवसाला पुरतं. तिथून हा लाँगचा उपसागर मोटारीने अडीच-तीन तासांवर. पाण्यातून वर आलेले चुनखडीचे शेकडो डोंगर, १९९४ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेले. रात्रीच्या मुक्कामाच्या बोटी इथूनच निघतात. वादळाचा इशारा आला की बंदर बंद होतं आणि बोटी सुटत नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळाने हा भाग झोडपून काढला होता. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी या रात्रीला हनोईचा पर्याय हाताशी ठेवावा आणि बोटीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळचं विमान घेऊ नये.

हनोईहून दा नांगला विमानाने सव्वा-दीड तास, तिथून तीसेक किलोमीटरवर होई आन. नदीकाठचं हे जुनं बंदर १९९९ मध्ये जागतिक वारशात गेलं. पिवळ्या भिंतींची घरं, संध्याकाळी पेटणारे रेशमी कंदील आणि दोन दिवसांत मापाचे कपडे शिवून देणारे शिंपी यांमुळे इथे तीन रात्री हव्यात. माप, चाचणी आणि दुरुस्ती यांना तेवढा वेळ लागतोच. माझगावकराला इथे एक ओळखीचा देव भेटतो. नवाब टँक रोडवर १९१९ साली कॅन्टनच्या खलाशांनी बांधलेलं ‘सी यूप कून’ हे चिनी मंदिर आहे, तिथे क्वान कुंग या योद्ध्याची पूजा होते. होई आनमध्ये कॅन्टनी व्यापाऱ्यांच्या सभागृहातही तोच देव क्वान कोंग या नावाने बसलेला आहे. जहाजांबरोबर माणसं गेली आणि माणसांबरोबर देव.

होई आनहून चाळीसेक किलोमीटरवर मी सन आहे. चंपा राजांनी चौथ्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षं इथे विटांची शिवमंदिरं उभारली. संस्कृत शिलालेखही आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने इथे जतनाचं काम केलं आणि मे २०२० मध्ये त्या कामात एक अखंड शिवलिंग सापडलं. सकाळी लवकर गेलं तर ऊन आणि गर्दी दोन्ही टळतात.

या भागाचा पाऊस मात्र महाराष्ट्राच्या उलट आहे. मध्य व्हिएतनाममध्ये सप्टेंबर ते डिसेंबर हे पावसाचे महिने आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर पुराचे. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस होई आनच्या रस्त्यांवर पुराचं पाणी होतं. तुळशीच्या लग्नानंतर लगोलग बोहल्यावर चढणाऱ्यांनी हा मार्ग फेब्रुवारीनंतर ठेवावा किंवा होई आन वगळून दक्षिणेकडे वळावं.

सिएम रीपचं नवं विमानतळ ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालं. जुनं गावाला खेटून होतं, नवं सुमारे पन्नास किलोमीटर दूर आहे, म्हणजे विमानतळावरून हॉटेल गाठायला तासभर धरावा. जुन्या प्रवास-पुस्तकांतली वीस मिनिटं आता विसरायची. अंकोरच्या मंदिरांचा पास एका दिवसाला ३७ डॉलर, तीन दिवसांना ६२. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कधीही वापरता येतो, म्हणून मध्ये एक दिवस आराम घेता येतो.

अंकोर वाट बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने विष्णूसाठी बांधलं. पूर्वेकडच्या ओवरीत समुद्रमंथनाचा जवळजवळ पन्नास मीटर लांबीचा शिल्पपट आहे, पश्चिमेकडे कुरुक्षेत्र आणि लंकेचं युद्ध. आजीकडून या गोष्टी ऐकलेल्या माणसाला इथे गाईडपेक्षा वेळ जास्त लागतो. बहुतेक सहली पहाटे सूर्योदय पाहून इथून निघतात आणि ओवऱ्या घाईत उरकतात. दुपारी गर्दी ओसरल्यावर पुन्हा येणं फायद्याचं.

एक इशारा. बँकॉकहून सिएम रीपला रस्त्याने जायचा स्वस्त मार्ग पूर्वी लोकप्रिय होता. २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडिया यांच्यात सीमेवर लढाई झाली आणि जमिनीवरच्या चौक्या बंद झाल्या. असे निर्णय रातोरात बदलतात, तेव्हा दोन देशांमधली जोड विमानाचीच ठेवलेली बरी.

पश्चिमेची वाट

राज कपूरच्या ‘संगम’ने १९६४ साली व्हेनिस, पॅरिस आणि स्वित्झर्लंडमधला मधुचंद्र पडद्यावर दाखवला. सामान्य प्रवाशाला तेव्हा परकीय चलन मोजकंच सोबत नेता येई. तो मार्ग अजूनही तोच आहे: पॅरिस, आल्प्स, इटली.

शेंगेन व्हिसाचा नियम साधा आहे आणि तरीही तिथेच जास्त गोंधळ होतो. अर्ज ज्या देशात सर्वाधिक मुक्काम त्या देशाकडे करायचा. मुक्काम सारखे असतील तर ज्या देशात आधी पाऊल पडेल त्याच्याकडे. पॅरिस तीन रात्री, इंटरलाकेन चार, व्हेनिस तीन असा बेत असेल तर अर्ज स्वित्झर्लंडकडे. पॅरिस चार, इंटरलाकेन चार, व्हेनिस दोन असेल तर फ्रान्सकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो शुल्क आहे आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. लग्नसराईत मुंबईतल्या केंद्रांवर तारखा लवकर भरतात, तेव्हा हॉल ठरला की पाठोपाठ व्हिसाची तारीख पाहावी. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर टप्प्याटप्प्याने शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवायला सुरुवात झाली. त्यामुळे पहिल्या विमानतळावर वेळ लागू शकतो; उतरल्यावर दोन तासांत सुटणारी रेल्वे धरू नये.

पॅरिसमध्ये लूव्र मंगळवारी बंद असतं. आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलेल्या नोत्र दामला प्रवेश मोफत आहे. आयफेल मनोऱ्याच्या लिफ्टची तिकिटं सुमारे दोन महिने आधी खुली होतात आणि चांगल्या वेळा भराभर संपतात. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय चालायला लागलं. ज्यांना मनोऱ्यावर चढण्यापेक्षा मनोरा पाहायचा आहे त्यांना समोरच्या त्रोकादेरोच्या चौथऱ्यावर पैसे लागत नाहीत.

पॅरिस ते इंटरलाकेन या टप्प्याला विमान कामाचं नाही. गार द लियों स्थानकावरून वेगवान गाडी तीनेक तासांत बासेलला पोचते, तिथून दोन तासांत इंटरलाकेन. बॅगा तोलायच्या नसतात आणि स्टेशन गावात असतं. इंटरलाकेनला यश चोप्रा यांचा पुतळा २०१६ पासून आहे, आणि ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मधलं सानेन तिथून रेल्वेने एका दिवसात करता येतं.

युंगफ्राउयोख हे ३,४५४ मीटर उंचीचं स्थानक १९१२ पासून चालू आहे आणि युरोपातलं सर्वात उंच रेल्वे स्थानक म्हणून ओळखलं जातं. तिकीट महाग. स्विस ट्रॅव्हल पास घेतला म्हणजे ते फुकट होतं असा समज आहे, पण वरच्या टप्प्यावर फक्त सवलत मिळते. वर ढग असले तर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. म्हणून चार रात्री हव्यात: सकाळी शिखरावरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र फोनवर पाहायचं, आकाश मोकळं असेल त्या दिवशी तिकीट काढायचं आणि बाकीचे दिवस ब्रिएन्झ आणि थून या दोन तळ्यांवरच्या बोटींना द्यायचे.

इंटरलाकेनहून इटलीला श्पीत्समार्गे उतरायचं. २००७ चा लोच्बर्ग आणि १९०६ चा सिंप्लॉन अशा दोन लांब बोगद्यांतून गाडी मिलानला येते, तिथून व्हेनिस अडीच तासांच्या आत. सांता लुचिया स्थानकाच्या पायऱ्या उतरल्या की समोर मोठा कालवा. तिथून पुढे चाकांची बॅग हा शाप आहे. चारशेच्या वर पूल आणि बहुतेकांना पायऱ्या. हॉटेल निवडताना खोलीच्या फोटोआधी जवळचा बोटीचा थांबा आणि मधले पूल मोजावेत. २०२४ पासून ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरत्या येणाऱ्यांना व्हेनिस प्रवेशशुल्क लावतं; गावात मुक्काम असलेल्यांना ते माफ असतं, पण त्यांना राहण्याचा स्थानिक कर हॉटेलात भरावा लागतो. स्वस्त म्हणून मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला राहण्यापेक्षा एक रात्र कमी करून व्हेनिसच्याच बेटावर राहणं बरं, कारण दिवसाची गर्दी संध्याकाळी निघून जाते आणि गाव मुक्कामाच्या लोकांना मिळतं.

परतीसाठी पुन्हा पॅरिसला जाऊ नये. जाताना पॅरिस आणि येताना व्हेनिस अशी दोन टोकं असलेलं एकच तिकीट एकाच विमान कंपनीकडे मिळतं. ते साध्या परतीच्या तिकिटापेक्षा थोडं महाग दिसलं तरी एक दिवस आणि एक रेल्वे वाचते.

कारंजाची जुनी वाट

‘कारंजा’ बोटीच्या जुन्या मार्गावरचे थांबे आजही मधुचंद्राला साजेसे आहेत. सेशेल्सला भारतीयांना व्हिसा लागत नाही, फक्त प्रवासापूर्वी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा काढून टाकून इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवाना आणला. झांझिबारने १ ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना तिथलाच ४४ डॉलरचा विमा सक्तीचा केला. भारतात काढलेला विमा त्याच्या जागी चालत नाही.

केनियाला जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस विसरू नये. ती सरकारमान्य केंद्रांतच मिळते, टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला ग्राह्य होतो आणि २०१६ पासून तो जन्मभर चालतो. दाखल्याशिवाय तिथून परतलं तर मुंबई विमानतळावरून घरी जाण्याऐवजी विलगीकरणात जाण्याची पाळी येऊ शकते. हळदीच्या आठवड्यात लस टोचून घेण्यापेक्षा महिनाभर आधी मोकळं व्हावं. मसाई माराचं प्रसिद्ध प्राणी-स्थलांतर जुलै ते ऑक्टोबरमधलं, म्हणजे आपल्या चातुर्मासातलं. जानेवारी-फेब्रुवारीत गेल्यास अंबोसेलीतले हत्ती आणि मागे किलिमांजारो हा बेत चांगला. मार्च ते मे मोठा पाऊस.

तिकिटं आणि पैसा

वेगवेगळ्या कंपन्यांची स्वतंत्र तिकिटं जोडली की स्वस्त पडतं, पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदार नसते. सामानही मध्येच घेऊन पुन्हा द्यावं लागतं आणि त्यासाठी त्या देशात शिरण्याची परवानगी लागू शकते. लंडनमार्गे जाणाऱ्या भारतीयांना, काही अपवाद सोडले तर, विमानतळाबाहेर न पडताही ट्रान्झिट व्हिसा लागतो. मधला थांबा कुठे आहे ते तिकिटाच्या दराइतकंच नीट पाहावं.

मुंबईकरांसाठी आता विमानतळही तपासायची गोष्ट झाली आहे. नवी मुंबई विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये प्रवाशांसाठी खुलं झालं. माझगावहून सहारच्या जुन्या विमानतळासाठी ऑरेंज गेटवरून पूर्व मुक्त मार्ग धरायचा, नवी मुंबईसाठी शिवडीहून अटल सेतू. तिकिटावर कोणतं विमानतळ आहे हे न पाहता निघालं तर एका चुकीत दोन्ही पूल घडतात.

खर्चाला रोख थोडी आणि कार्ड दोन, दोघांच्या वेगळ्या बँकांची. परकीय नोटा एका प्रवासाला माणशी ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात. दुकानातलं यंत्र ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असं विचारतं तेव्हा स्थानिक चलन निवडावं. रुपयांत घेतलं की दुकानाच्या बाजूचा महाग दर लागतो.

परदेश सहलीच्या पॅकेजवर विक्रेता जो टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतलेला कर, वसूल करतो, त्याचे दर अर्थसंकल्पागणिक हलत आले आहेत. ऑक्टोबर २०२३ पासून सात लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के असा नियम आला, एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा दहा लाख झाली. पैसे भरण्याच्या दिवशीचा दर विचारून घ्यावा. ही रक्कम बुडीत नसते. आयकर विवरण भरताना ती फॉर्म २६एएसमध्ये दिसते आणि करातून वळती होते किंवा परत मिळते. मात्र ती ज्याच्या पॅनवर वसूल झाली त्याच्याच खात्यात जमा असते. पॅकेज सासऱ्यांनी आहेरात दिलं असेल, तर हनिमूनचा परतावाही सासऱ्यांनाच मिळतो.